नवऱ्याचं रक्त

हे लिहायला मला डॉक्टरीणबाईंनी लावलं. मी म्हटलं, मी मराठी चौथी पास, मला काय लिहिता येणार? त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखं पोट घेऊन जी बाई येते ती भीतीनंच अर्धी मेलेली असते. तिला कुणीतरी वाचून दाखवील." तेव्हा बाई, तू जी कोण खाटेवर पडून हे ऐकत असशील, तुला आधीच सांगून ठेवते. यात धीर देणारं थोडं आहे, पण खोटं काही नाही. मला स्वतःला धीर देणाऱ्यांचा फार राग यायचा. येणारा जाणारा 'होशील बरी' म्हणायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचं टाळायचा.

माझं नाव जैनब. माहेर कोपरगावचं, दिली राहुरीजवळच्या एका गावात, पिंजाऱ्याच्या घरी. नवरा चांदभाई कापूस पिंजून गाद्या-रजया भरतो, मी टाके घालते. घरात तिसरी माझी सासू, तिला आम्ही अम्मा म्हणतो. मूल राहिलं नव्हतं. घरात आमची दखनी उर्दू चालते, पण तीत निम्मी मराठीच असते, म्हणून इथे सगळ्यांना मी मराठीतच बोलायला लावते.

*

सुरुवातीला दुखत नव्हतं, नुसतं जड वाटायचं. उजव्या बरगडीखाली कुणी ओला कापूस ठेवलाय असं. रजईवर वाकले की तिथे काहीतरी अडायचं. पुढे जेवण तुटलं, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या, आणि शेजारणी हसून विचारू लागल्या, "काय गं जैनब, गोड बातमी हाय व्हय?" पोट एका अंगानंच वाढतंय हे त्यांना दिसत नव्हतं, की दिसून न दिसल्यासारखं करत होत्या, कोण जाणे.

अम्मा म्हणाली, बेंबी सरकली. गावात कुणाचीही बेंबी सरकली की अम्मालाच बोलावणं यायचं. हिंदू नाही, मुसलमान नाही, सगळ्यांची पोटं तिच्या हाताखालून गेलेली. उपाशीपोटी उताणं निजवायचं, तेल लावून पोट चोळत आणायचं, बेंबीवर कणकेचा दिवा पेटवून वर तांब्या उपडा घालायचा. दिवा विझला की तांब्या कातडी ओढून धरतो आणि सरकलेली बेंबी जागेवर येते. बायका उठून हसत घरी जायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माझ्या पोटावर तांब्या बसला, निघाला, पण गोळा काही हलेना. तेव्हा अम्मानं अंगठे लावले. "आडमुठा हाय लई," ती म्हणाली, "दम धर, आता फोडते." तिनं जोर दिला आणि माझ्या आत काहीतरी फाटलं. कापड फाटावं तसं, पण आवाज नाही. मी ओरडलेसुद्धा नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला आणि उजवा खांदा असा दुखायला लागला की मला वाटलं खांद्यालाच काही झालं.

अम्मानं माझ्या पापण्या उलट्या करून पाहिल्या आणि तिचे हात थांबले. तिच्या हातांना मी दोष देत नाही. डॉक्टरीणबाईंनी नंतर स्पष्ट सांगितलं की ती गाठ आज ना उद्या खोकल्यानंही फुटली असती. पण अम्मानं त्या दिवसानंतर कुणाच्या पोटाला हात लावला नाही.

*

बैलगाडीनं स्टेशन आणि आगगाडीनं नगर. डब्यात मी नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. एरवी माणसांदेखत तो माझ्यापासून हातभर लांब बसायचा. त्या दिवशी त्याला लाज सुचली नाही. त्याच्या भुवयांत कापसाचे तंतू तसेच अडकलेले होते, कामावरून उठून तसाच आला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटात सुई घातली. त्यांना वाटत होतं पू निघेल. आपल्याकडे आवेनं यकृताला गळू होतं, ते सुईनं उपसता येतं. यकृत म्हणजे आपण कलेजी म्हणतो ते. सुईत लाल रक्त आलं. त्यांनी ते एकदा पाहिलं, सुई काढली आणि हात धुवायला गेल्या. परत यायला त्यांना जितका वेळ लागला तितक्या वेळात मी समजून चुकले.

"यकृताला गाठ आहे," त्या खाटेशी बसून म्हणाल्या. "ती फुटली आहे आणि आत रक्त सांडतं आहे. सध्या थांबल्यासारखं वाटतं. थांबलं तर बरं. नाही थांबलं तर पोट उघडावं लागेल."

"उघडल्यावर वाचते का?" नवऱ्यानं विचारलं.

"न उघडता वाचत नाही, एवढं मला माहीत आहे. उघडून वाचेलच असं मी सांगत नाही."

मला त्या बाई तिथंच आवडल्या. खोटं बोलायला वेळ नसलेलं माणूस होतं ते.

तार गेली, माझा भाऊ हुसेन कोपरगावाहून आला. अम्माही मागून गाडीनं आली. त्या सगळ्यांकडे बघत मी पडून राहायची. हलायचं नाही, खोकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. आणि मग एका दुपारी, परिचारिका चादर बदलत असताना, पुन्हा ते आतलं फाटणं झालं.

*

आता जे सांगते ते मी स्वतः ऐकलेलं आहे. खाट दाराशी होती आणि व्हरांड्यातलं बोलणं सगळं आत येत होतं. हात उचलायची ताकद नव्हती, कान मात्र शाबूत होते.

पोट उघडायचं तर आधी रक्त घालायला हवं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. घरच्या माणसाचं, तेही जुळलं तर. हुसेननं पहिल्यांदा बोट पुढे केलं. तो घाबरट आहे, सुई बघून त्याचे ओठ पांढरे झाले होते, तरी केलं. त्याचं जुळलं नाही. सख्ख्या भावाचं जुळेना म्हणून तो रडायलाच लागला. अम्मा थकलेली, तिचं घेता येण्यासारखं नव्हतं. मग चांदभाईचं पाहिलं. ते जुळलं.

"चला, झटकन आत या," परिचारिका म्हणाली.

"थांब चांद," अम्मा म्हणाली.

इथे तुला आमच्यातली एक गोष्ट सांगायला हवी. एका बाईच्या अंगावर प्यालेली दोन मुलं आमच्यात बहीणभाऊ होतात. मग ती कुणाचीही असोत, त्यांचा निकाह लागत नाही. लागलेला असला आणि मागाहून कळलं, तरी तो टिकत नाही. अम्माच्या धाकट्या बहिणीचं असंच झालं होतं. मांडव घातलेला, आणि एका म्हातारीला आठवलं की आई तापात असताना नवरीला नवऱ्या मुलाच्या आईनं पाजलं होतं. मांडव उतरवला. ती बहीण पुढे जन्मभर माहेरीच राहिली.

"दुदानं बहीन हुतीया," अम्मा म्हणाली. "आन् दूद तरी कशाचं हुतं? रगताचंच की. मग रगतच घातल्यावर काय ऱ्हातंय? तुजा निकाह ऱ्हाईल का?"

"आजी, वेळ न्हाई," परिचारिका म्हणाली.

"तुला काय कळतं गं त्यातलं! मी काय पोरीच्या वाइटावर हाय का? दुसऱ्या कुनाचं बघा. गावातनं मानसं बोलवा."

गाव लांब होतं आणि माझं रक्त आत सांडत होतं. अम्मालाही ते माहीत होतं, कारण बोलताना ती रडत होती. हुसेनलाही ते पटलेलं असणार. खरं सांगू? मलाही पटलं. मी शिकलेली, अम्माला नेहमी उलटं बोलणारी, पण दूध रक्ताचंच होतं, हे मलाही खरंच वाटलं.

चांदभाई गप्प होता. माझा नवरा मुळातच कमी बोलतो. पिंजायच्या कमानीचा आवाज दिवसभर कानात गेल्यावर बोलायचं उरत नाही, असं मी त्याला चिडवायची. त्या वेळी मला त्या गप्प बसण्याची एवढी भीती वाटली की मरणाची तेवढी वाटली नव्हती. मला जगायचं होतं. लाज सोडून सांगते, निकाह राहो न राहो, मला जगायचं होतं. आणि त्यानं नाही म्हटलं असतं तर मी त्याला कबरीतूनही माफ केलं नसतं.

"अम्मा," तो शेवटी म्हणाला, "मेली तरी ती माजी ऱ्हात न्हाई आन् जगली तरी ऱ्हात न्हाई. मग जगू दे."

तो आत आला. शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवा झाला, बाही वर केली. त्यानं तोंड भिंतीकडे केलं होतं. मला वाटलं सुईला भितो. मग लक्षात आलं की आपली बायको म्हणून मला शेवटचं बघायचं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

*

पोट उघडल्यावर काय केलं ते मला पुढे समजलं. कडेला आलेली गाठ होती ती कापून काढली. पण यकृत भारी मऊ असतं, टाका धरत नाही, ओढला की कापत जातो. रक्त थांबेना, तेव्हा पट्टीचं जाळीदार कापड लांबच्या लांब तिथे ठासून भरलं, गादीत कापूस कोंबतात तसं, आणि एक टोक बाहेर ठेवून पोट शिवलं. हे ऐकून मला हसू आलं आणि टाके असे ताणले की हसू जागीच मेलं. पिंजाऱ्याच्या बायकोला शेवटी पिंजाऱ्याचाच इलाज.

त्यानंतरच्या दिवसांची मला नीट आठवण नाही. तहान आठवते. पाणी द्यायचं नव्हतं. झाडणारी बाई जाता-येता ओल्या कापसानं माझे ओठ पुसायची, तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्या पदराला फिनेलचा वास यायचा. अजून कुठे तो वास आला की मला बरं वाटतं.

दुसऱ्या बाजूच्या खाटेवर राजूरकडची ठकूबाई होती. पाय सडल्यामुळे घोट्यावरून कापलेला, पण तोंड दणकट. तीच मला सगळ्या बातम्या द्यायची.

"तुजा दादला व्हरांड्यात बसतोय. आत का येत न्हाई गं?"

मी तिला सांगितलं. सांगताना रडू आलं, तर पोट दुखलं, म्हणून रडताही आलं नाही. ठकूबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"आगं यडे," ती म्हणाली, "रगत दिऊन बहीन व्हती व्हय! माज्या दादल्यानं मारून मारून माजं घागरभर रगत काडलं, मंग त्यो माजा कोन झाला?"

चांदभाई खरंच आत येत नव्हता. दाराशी यायचा, खाली बघायचा आणि हुसेनला विचारायचा, "तुमच्या बहिनीला पेज दिली का? ताप हाय का तुमच्या बहिनीला?" इतकी वर्षं मी 'ए' होते, 'आगं' होते, रागात 'जैनबे' होते. आता तुमची बहीण झाले. तापापेक्षा ते जास्त भाजायचं. एकदा मी हुसेनला म्हटलं, कुणा मौलवींना विचारून तरी घ्या. तो बाहेर जाऊन चांदभाईला विचारून आला. "म्हनतो, इचारल्यावर न्हाई म्हनले तर? आत्ता निदान दारात तरी उबा ऱ्हातो."

*

कापड काढायचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही. कापड आत जखमेला चिकटलेलं असतं, काढताना पुन्हा रक्त सुटू शकतं. ठेवावं तर आत सडतं. सकाळीच पहिलं थोडं ओढलं, दुसऱ्या दिवशी आणखी थोडं, मीठपाण्यानं भिजवून भिजवून. प्रत्येक ओढीला वाटायचं, माझं आतडंच बाहेर येतंय. ठकूबाई आपल्या खाटेवरून ओरडायची, "बोंबल की! फुकट हाय इथं बोंबलायला!" मी बोंबलले. तुलाही सांगते, बोंबल. दात आवळून पडल्यानं कुणी बक्षीस देत नाही.

शेवटचं टोक निघालं आणि त्याच्यामागून ऊन ऊन रक्त आलं.

मला परिचारिकेच्या पळण्याचा आवाज आठवतो. दारातून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली आणि चांदभाई उठला. अम्माही होती, पण या खेपेला ती बाजूला झाली. हुसेन सांगतो, आधी तिनं चांदभाईचा हात धरल्यासारखा केला होता. चांदभाई एवढंच म्हणाला, "एकदा मोडलेलं आनखी किती मोडतंय?"

दुसऱ्यांदा रक्त घेताना तो इतका अशक्त झाला होता की उठल्यावर भिंतीला धरून उभा राहिला. या वेळी त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पापणी हलवली. बाहेर जाताना तो ठकूबाईच्या खाटेवर आदळला आणि तिच्या शिव्या खात निघून गेला. रक्त त्या दिवशी थांबलं, ते थांबलं.

*

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. तो स्टुलावर, मी खाटेवर, मध्ये त्या. "कडेची गाठ काढली," त्या म्हणाल्या. "आत खोलवर आणखी एक आहे. तिला हात लावता येत नाही. ती फुटेल की नाही, केव्हा फुटेल, हे मला माहीत नाही. पोट चोळायचं नाही, ओझं उचलायचं नाही. मूल राहू द्यायचं नाही."

हे लिहितानाही ती गाठ माझ्यात आहे. कधी कधी मी तिथे हात ठेवते. तुझ्यात उरलेलं काही असलं तर तूही ठेवशील, आणि मग भीती वाटेल, आणि मग चहा उकळला म्हणून उठून जाशील. यापेक्षा शहाणपणाचं मला काही सांगता येत नाही.

पण त्या दिवशी मला गाठीपेक्षा दुसरीच काळजी होती. मूल राहू द्यायचं नाही हे ऐकताना चांदभाईनं मान खाली घातली होती. आपल्याला यात बोलायचा हक्क उरला का, हेच त्याला कळत नव्हतं. अम्मानं हुसेनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाबा, तू तुज्या बहिनीला कोपरगावला ने. आमच्याकडं कंच्या नात्यानं ठेवू?" बोलताना तिनं त्याच्या पायाला हात लावायला घेतला होता. मी तिचा राग करायचा फार प्रयत्न केला. तिच्या डोळ्यांपुढे तिची बहीण होती, मला दिसत होतं, म्हणून पुरता जमला नाही.

*

अम्मा पहाटेच्या गाडीनं पुढे गेली. आम्ही तिघं दुपारच्या गाडीला निघालो. मनमाडकडे जाणारी गाडी एकच. आधी राहुरी लागते, पुढे कोपरगाव. मी कुठे उतरायचं हे कुणी बोलत नव्हतं. टांग्यात हुसेन माझ्याशेजारी मागे बसला आणि चांदभाई पुढे टांगेवाल्याजवळ. सुईची जागा चिघळली म्हणून दंडावर फडकं बांधलेलं, पाठ माझ्याकडे. त्या पाठीकडे बघता बघता मला एकदम संताप आला. मला चिरलं, ठासलं, ओढलं, दोनदा मरणाच्या दारातून आणलं, आणि आता मी टोपलीतल्या कोंबडीसारखी कुठल्या स्टेशनावर उतरवतात ते बघत बसायचं?

"टांगा मशिदीकडं घ्या," मी म्हटलं.

"गाडी चुकंल," चांदभाई पुढे बघतच म्हणाला.

"चुकू द्या. मला आज कळलं पायजे. माहेरी जायचं तर सांगून जाईन, अशी न्हाई जायची."

मशिदीपुढे टांगा थांबला. चांदभाई बराच वेळ उतरेना. मी गोशात, मला आत जाता येत नव्हतं. नाहीतर मीच गेले असते. मग तो उतरला, हौदावर हातपाय धुतले, आणि गेला. आत एक वयस्क मौलवी मुलांना शिकवत बसलेले दुरून दिसत होते. हुसेन हातातली टोपी पिळत होता. टांगेवाला घोड्याला गवत घालू लागला. मला वाटलं, आत जाऊन हा गप्पच बसला असेल. हा बोलतोय कुठला!

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चालण्यावरून मला काही ओळखता आलं नाही. तो पुढे गेला नाही. माझ्या बाजूला येऊन टांग्याच्या चाकाला धरून उभा राहिला.

"दूदपित्या पोराचंच नातं हुतंय म्हनले," तो म्हणाला. "मोठ्या मानसाचं न्हाई. आन् रगत म्हंजी दूद न्हाई, औशिद हाय. निकाह हाय तसा हाय."

त्याचा हात अजून चाकावरच होता.

"आनखी एक इचारलं," तो म्हणाला.

"काय?"

"म्हनलं, तिच्यात आनखी एक गाठ हाय. पुन्यांदा लागलं तर पुन्यांदा द्यू का?"

"मग?"

"म्हनले, अंगात हाय तवर दे."

"मग आदी खायला शिका," मी म्हटलं. "अंगात हाय काय तुमच्या? नुसती काडी तर हाय."

चांदभाई हसला, आणि हसता हसता फडकं बांधलेल्या हातानं डोळे पुसायला लागला. हुसेन काही न बोलता खाली उतरला आणि पुढे टांगेवाल्याजवळ जाऊन बसला.